कोरियाहून आलेला खाऊ

नवान्न पौर्णिमेच्या दोन दिवस आधीची गोष्ट. कुरियरवाला दारात एक रंगीत खोकं ठेवून गेला. मुंबईला नोकरी करणाऱ्या धाकट्या लेकीने पाठवलेलं. फोनवर म्हणाली, "बाबा, तीन महिन्यांची वर्गणी भरलीय. दर महिन्याला कोरियाचा खाऊ येईल, आणि तिथल्या चालीरीती सांगणारं कार्डही. तुम्ही भाताचा माणूस ना!"

मनात म्हटलं, पोरीने पैसे उधळले. पण खोकं उघडलं आणि एकेक पुडी बाहेर येऊ लागली. पहिलीत कुरमुऱ्यांची चकती. दुसरीत समुद्रातल्या शेवाळाचे भाजलेले कागदासारखे पातळ तुकडे. तिसरीत भाताची करपट, कुरकुरीत वडी. ती आईच्या हातावर ठेवली. ऐंशी पार केलेली माझी आई. दाताखाली धरून म्हणाली, "अरे, ही तर खरवड! टोपाच्या बुडाची. आम्ही लहानपणी हिच्यासाठी भांडायचो. ही विकतात होय?"

विकतात, आणि वर गावाचं नाव छापून विकतात.

कार्डावर त्यांच्या सुगीच्या सणाची माहिती होती. त्या दिवशी नव्या तांदळाच्या पिठाच्या करंजीसारख्या वड्या करतात, आत तीळ नाहीतर डाळीचं सारण, आणि खाली पाइन झाडाची पानं घालून उकडतात. सौ. म्हणाली, "आपण पातोळ्यांना हळदीची पानं घेतो, तसंच की!"

रात्री झोप लागेना. कॉलेजात शिकलेलं आठवलं. कोरियात एकेकाळी तांदळाचा तुटवडा होता. फिलिपाईन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेच्या मदतीने त्यांनी 'तोंगिल' नावाचं जादा उत्पन्नाचं वाण काढलं, ते १९७० नंतर गावोगाव गेलं आणि १९७७ साली देश तांदळात स्वयंपूर्ण झाला. पण तोंगिलचा भात लोकांना चवीला रुचेना, थंडीही त्याला सोसेना. पुढे ते वाण मागे पडलं. नंतर तर माणशी भात खाणं निम्म्याहून खाली आलं. तेव्हा पोत्यातल्या तांदळाला पुडीत घालण्याची अक्कल त्यांना लढवावी लागली.

शेतकरी बंधूंनो, मी तीस वर्षं कर्जत-खालापूरच्या बांधांवरून फिरलो. कर्जतच्या संशोधन केंद्राची कर्जत ३, कर्जत ७, सह्याद्री ही वाणं घरोघर पोचवली. रोपं कशी लावायची, खत किती, करपा कसा ओळखायचा, सगळं सांगितलं. एकरी पोती वाढली की मला समाधान वाटे. पण पोतं घरात आल्यावर त्याचं काय करायचं, हे मी कधी सांगितलं नाही. मला कुणी विचारलंही होतं. खालापूरकडचा एक शेतकरी खाचराच्या कडेला उभा राहून म्हणाला होता, "साहेब, भात पिकवून उरतं काय?" मी नवीन वाणाचं नाव सांगितलं. दोन वर्षांनी त्या खाचराला फार्महाऊसची भिंत पडलेली पाहिली. ती भिंत आजही माझ्या डोळ्यांत सलते.

पौर्णिमेनंतर ते खोकं घेऊन मी एका बचत गटाच्या बायांकडे गेलो. त्या तांदळाच्या पापड्या करतात, आठवडी बाजारात किलोवर विकतात. त्यांनी एकेक घास चाखला, शेवाळाला तोंडं वाकडी केली, हसल्या. त्यांतली एक वयस्कर मावशी मात्र रिकामी पुडी उलटसुलट करत म्हणाली, "चव आमच्या पापडीलाच बरी. पण साहेब, यांच्या पुडीवर गाव आहे. आमच्या पिशवीवर काय आहे?"

पिशवी कोरी होती.

आता आम्ही कामाला लागलो आहोत. अन्न सुरक्षेच्या नोंदणीचा अर्ज मी स्वतः भरून दिला. पुडीवर गावाचं नाव, भाताच्या वाणाचं नाव, वजन आणि तारीख घालायची ठरली आहे. यातून किती मिळेल ते आज सांगत नाही. खोटी आशा दाखवणं हे विस्ताराचं काम नव्हे. पण पुढच्या महिन्यात लेकीचं दुसरं खोकं येईल, तेव्हा तिच्यासाठी इथूनही एक पुडी रवाना करायची, असं बायांनी बजावलं आहे. आईने त्यात खरवडही घालायला सांगितली आहे.