गिऱ्हाइकाच्या टीव्हीवरचा रंग

व्हिडिओचा रंग गिऱ्हाइकाच्या डोळ्यांनी ठरवायचा, असं माझं जुनं मत. "भाऊ, नवरी लय पिवळी दिसून राह्यली," असा फोन आला की फाईल उघडायची, निळा थोडा चढवायचा आणि पेन ड्राइव्ह पुन्हा भरून द्यायचा. सावनेरात लग्नं शूट करणाऱ्याला याहून मोठं शास्त्र लागत नाही, असं मी चारचौघांत बोलतही असे. मॉनिटर मोजणं, प्रोफाइल बनवणं ही मुंबईच्या स्टुडिओंची हौस. हे मत मी आता सोडलंय, आणि ते सोडायला लावलं संत्र्यांनी.

लग्नसराई नसली की मी बगीच्यांचे व्हिडिओ काढतो. दूरचा व्यापारी फळ आधी पडद्यावर बघतो, मग भाव बोलतो. आंबिया बहाराची तोडणी ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होते, तेव्हा रात्री अजून पुरेशा गार नसतात. त्यामुळे आत रस भरला तरी साल हिरवट राहते. फेब्रुवारी-मार्चचा मृग बहार थंडी खाऊन आलेला असतो, त्याची साल केशरी उतरते. म्हणजे सालीच्या एकेका छटेवर भाव हलतो. आणि माझ्या एकाच फाईलवरून बागायतदार आपल्या फोनवर बघून सांगणार की माल पिकलाय, व्यापारी आपल्या गादीवरच्या जुन्या मॉनिटरवर बघून सांगणार की हिरवा आहे. दोघंही आपापल्या पडद्यापुरते खरे! फोन 'व्हिव्हिड'वर ठेवलेला असतो, तो केशरीला भडक करतो. जुना मॉनिटर निळसर झुकतो, तो तेच फळ मळकं दाखवतो. लग्नात गिऱ्हाईक एकच असतं, त्याच्या टीव्हीकडे झुकलं की भागतं. इथे गिऱ्हाइकं दोन आणि दोघांचे पैसे एकाच फळात अडकलेले. झुकायचं कोणाकडे?

तेव्हा मी पहिल्यांदा ते कंटाळवाणे आकडे नीट वाचले. एचडी व्हिडिओचा जागतिक दंडक, बीटी 709, हा 1990 सालचा आहे. पांढरा म्हणजे नेमका कोणता पांढरा, हे त्यात ठरलेलं आहे: डी65, म्हणजे साधारण 6500 केल्व्हिन, दिवसाच्या उजेडाजवळचा. सपाट पडद्यावर काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतची चढण कशी असावी, ते 2011 च्या बीटी 1886 मध्ये आलं. पण मला पटवलं ते या आकड्यांमागच्या हिशोबाने. पडदे काही सगळे एकाच बाजूला चुकत नाहीत. दुकानातून आलेला टीव्ही बहुधा निळा असतो, कारण निळसर पांढरं जास्त झगझगीत वाटतं. रात्रीचं फिल्टर लावलेला फोन पिवळा. मी निळ्या टीव्हीसाठी फाईल पिवळी केली, तर त्या फोनवर ती दुप्पट पिवळी होते. फाईल मधोमध राहिली, तर प्रत्येक पडद्याची चूक फक्त त्याच्या स्वतःएवढी उरते.

(जुन्या टीव्हीवाल्यांना हा प्रश्न आधीच भेटला होता. 1982 साली दूरदर्शन रंगीत झालं ते जर्मन पाल पद्धतीवर. तीत एका ओळीला झालेली रंगाची चूक पुढच्या ओळीत उलटी पडते आणि दोन्ही एकमेकींना खातात. अमेरिकी एनटीएससी संचांना मात्र चेहऱ्याचा रंग जुळवायला वेगळं बटण लागायचं.)

मग मोजण्याचं यंत्र आणून मॉनिटरवर टेकवलं. त्याने माझा पडदा 6500 वर आणला आणि मला सगळं कळकट दिसायला लागलं. म्हणजे मीही इतकी वर्षं निळंच बघत होतो आणि ते मला आवडत होतं. डोळा सरावायला वेळ लागला. मागची पोपटी भिंत राखाडी करून घेतली, कारण पोपटी भिंतीच्या उजेडात बसून संत्र्याचा हिरवा ठरवणं म्हणजे गंमतच. दुपारचं ऊन पडद्यावर पडतं, म्हणून शटर अर्धं ओढून बसतो. येणाऱ्याला दुकान बंद वाटतं, त्याला माझा इलाज नाही.

एवढं करूनही सगळीकडे सारखं दिसत नाही, हे सांगायलाच हवं. पुण्याहून भाचा म्हणतो, "मामा, माझ्या मॅकवर सगळं फिकं वाटतंय." फाईलच्या पोटात तीन छोटे आकडे असतात: मूळ रंग कोणते, उजेडाची चढण कोणती आणि रंगांचं गणित कोणतं. मॅकचा क्विकटाइम ते वाचतो, पण चढण माझ्या मॉनिटरपेक्षा सौम्य धरतो, म्हणून सावल्या उजळतात. विंडोजवरचे काही प्लेअर ते आकडे धड बघतही नाहीत. मी एवढंच करतो की ते आकडे बरोबर लिहिले गेलेत की नाही, हे फाईल काढल्यावर तपासतो.

बगीच्याच्या व्हिडिओत आता आणखी एक गोष्ट असते. पहिल्या शॉटमध्ये उन्हात, फळाच्या शेजारी एक कोरा पांढरा कागद. कॅमेऱ्याचं व्हाइट बॅलन्स त्यावरच बांधून ठेवतो; ऑटोवर सोडलं की झाडाच्या सावलीत कॅमेरा हिरव्याशी भांडत बसतो. व्यापाऱ्याला तो कागद निळा दिसला, तर आपला पडदा निळा आहे हे त्याचं त्याला कळतं आणि फळाचा रंग तो मनातल्या मनात तेवढा सरकवून घेतो. यंत्रापेक्षा हा कागद स्वस्त पडला, आणि खरं तर जास्त कामाचाही.

लग्नवाल्यांच्या बाबतीत मात्र मी अजून पुरता सुधारलेलो नाही. नवरी "थोडी गोरी" करून द्या, हा आग्रह रंगाच्या अचूकतेचा नसतोच. त्याला मी सरळ नाही म्हणतो, कधीकधी काम हातचं जातं. पण दिवाणखान्यातल्या टीव्हीपुरती वेगळी प्रत कोणी मागितली, तर देतो. तिचे पैसे वेगळे घेतो आणि फाईलच्या नावातच त्या टीव्हीचं मॉडेल लिहून ठेवतो, म्हणजे उद्या तीच फाईल फोनवर बघून कोणी भांडायला आलं तर नाव दाखवता येतं.