भोरड्या आल्यात, पण थोड्या

निमोणे,
भोगीच्या आदल्या दिवशी

ताई,

फोनवर तू एवढंच विचारलंस, "भोरड्या आल्या का रे?" आल्यात. पण थोड्या. परवा दिवस मावळताना विहिरीवरच्या बाभळीवर पन्नास-साठ कलकलत होत्या. पूर्वी आभाळ भरून यायच्या. माळ्यावर उभी राहून तू गोफण फिरवायचीस आणि धोंडा सुटायच्या आत तो सगळा थवा गोधडी झटकावी तसा वळायचा. एकीलाही कधी लागला नाही. आई म्हणायची, ही राखण करते का तमाशा बघते?

आता राखायला ज्वारीच कुठंय? घोड नदीवर चिंचणीला धरण झालं, पाण्यामागून ऊस आला. गंमत बघ, हीच पाखरं उन्हाळ्यात कझाकस्तानच्या माळांवर टोळ खाऊन पिल्लं वाढवतात. चीनच्या शिनजियांगात तर टोळ आवरायला म्हणून लोक त्यांना दगडाची घरटी रचून देतात. आपण मात्र गोफणी! आणि आपल्याकडंही नाकतोडे त्याच खायच्या, हे तेव्हा कुणाच्या ध्यानात होतं?

उसानं आणलाय बिबट्या. मागच्या महिन्यात शेजारच्या फडात तोडकऱ्यांच्या कोयत्यापुढं दोन बछडी निघाली. मांजराच्या पिलाएवढी, डोळे निळसर. वनखात्याच्या माणसांनी ती क्रेटमध्ये घालून तिथंच ठेवली. रात्री मादी आली, एकेक तोंडात धरून घेऊन गेली. सकाळी ओल्या सरीत तिच्या पंजाचे ठसे, वाटीएवढे. कौतुक सांगतोय असं समजू नकोस. अंधार पडला की पोरांना अंगणात सोडत नाही. रात्रीची लाइट असली की पाणी धरायला दोघं जातो, मोबाइलवर मोठ्यानं गाणी लावून.

यंदा विहिरीकडेला पाच गुंठे मालदांडी पेरलीय. कारभारीण म्हणाली, पाखरांसाठी पेरता का? मी गप्प बसलो. फाल्गुनात पळस-पांगाऱ्यावर मध प्यायला बसतील तेव्हा नरांचा गुलाबी रंग उजळलेला असेल, मग जातील. तोवर त्यांचं पोट भरायला नको?

तुझी गोफण माळवदावर सापडली. दोरी उंदरांनी कुरतडलीय. नवी वळलेली नाही. कणसं निम्मी झडलीत, हुरडा खायचा असेल तर याच आठवड्यात ये.

तुझा,
बाळू