थिकनेस

थिकनेस मशीन फळी सरळ करत नाही. नव्याने कामाला लागलेल्या पोराला हे पटायला वेळ लागतो. वाकलेली फळी आत घातली की दातेरी रूळ तिला टेबलावर दाबून धरतो, कटर वरचा थर काढतो आणि सुटका होताच फळी पुन्हा आपल्या मूळ वळणावर जाते. जाडी मात्र आता सगळीकडे सारखी असते. जसा तळ द्याल तसाच माथा मिळणार. म्हणून आधी सरफेस मशीनवर एक बाजू खरी करून घ्यायची आणि तीच खाली ठेवायची. या बाबतीत हे मशीन मालकाचंही ऐकत नाही. त्याचा हा स्वभाव मला फार आवडतो.

आमचं मशीन बंद पडलेल्या एका फर्निचरच्या कारखान्यातून आलं. बारा इंची, सगळं अंग ओतीव लोखंडाचं, जागचं हलवायला चार माणसं लागावीत असं. अंगावर हिरव्या रंगाचे थरावर थर. ते खरवडले तेव्हा बाजूच्या कुशीत ‘बटाला’ ही ओतीव अक्षरं निघाली. पंजाबातल्या या गावच्या फौंड्र्यांमधून निघालेली लेथ आणि शेपर मशिनं देशभरच्या वर्कशॉपांत अजून चालू आहेत.

आमच्या सुतार मिस्त्रींनी ते पाहिलं तेव्हा मोटर चालू करायची घाई केली नाही. टेबलावर स्टीलची पट्टी उभी धरून मागून बॅटरीचा उजेड टाकला. हातचाक फिरवून टेबल तळापासून माथ्यापर्यंत नेलं, मध्ये कुठे अडकतं का ते पाहिलं. कटर दोन्ही हातांनी धरून वरखाली हलवला, बेअरिंग खडखडली. तरी चेहरा पडला नाही. म्हणाले, ‘‘बेअरिंग, पाती, पट्टे बाजारात मिळतात भाऊ. टेबल मिळत नाही. त्याला तडा नाही ना, मग घ्या.’’ जुन्या ओतकामाची आणखी एक गोष्ट अशी की त्याला जे वळायचं-मुडपायचं असतं ते बहुधा वळून झालेलं असतं. ओतताना आत राहिलेला ताण वर्षानुवर्षांत सैल पडतो. मग एकदा नीट जुळवून घेतलं की ते माप सोडत नाही.

मशीनच्या पोटातली रचना तशी फार जुनी. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या विल्यम वुडवर्थने १८२८ साली पेटंट घेतलं, त्यात फिरती पाती आणि फळी पुढे ओढणारे रूळ ही जोडी होती. त्या पेटंटची मुदत वाढत वाढत १८५६ पर्यंत गेली. तिकडच्या रंधाकामाच्या गिरण्यांना तोवर हक्कदारांना पैसे मोजावे लागले आणि त्यावरून पुष्कळ खटले झाले. आमच्या बटाल्याच्या मशीनमध्येही तीच जोडी आहे.

बेअरिंग आणि पट्टे बदलले तसा त्याचा आवाज पालटला. पण खरी मेहनत पात्यांवर गेली. मोटरच्या मिनिटाला २८८० फेऱ्या, पुलीचं प्रमाण पाचास तीन, म्हणजे कटरच्या ४८०० फेऱ्या. पाती तीन, आणि फळी मिनिटाला सहा मीटर सरकते. तिन्ही पाती सारख्या उंचीवर असली तर मिलिमीटरभर जागेत दोनाहून जास्त काप पडतात आणि हाताला फळी गुळगुळीत लागते. एकच पातं केसभर वर राहिलं की शेवटचा हात त्याचाच; बाकी दोघांचं काम दिसतच नाही. मग सव्वा मिलिमीटरच्या अंतराने लाटा उठतात आणि पॉलिश चढलं की त्या डोळ्यांत भरतात. मिस्त्री डायल गेज लावून एकेक पातं बसवत. त्या वेळी त्यांच्याशी कुणी बोलत नसे.

टोकांच्या बाबतीत मशीन हट्टी. फळीचं शेवटचं टोक आत ओढणाऱ्या रुळाखालून सुटलं की एकाच रुळाच्या दाबावर राहतं, किंचित वर उचललं जातं, आणि तिथे कटर थोडा खोल चावतो. टेबलातले छोटे रूळ खाली घेतले, पुढे-मागे लांब आधार लावले, तेव्हा हा खड्डा बराच कमी झाला. उरलेल्यासाठी लाकूड चार बोटं जास्त लांब घ्यायचं. उलट्या रेषेची फळी आली की त्याचा आवाज जाड होतो. मिस्त्री पाठमोरे असले तरी ओळखतात आणि फळी फिरवायला सांगतात.

सागाने सरळ पात्यांना दमवलं. सागात वाळूसारखी सिलिका असते, ती धार खाते. म्हणून शेवटी मळसूत्री कटर बसवला, छोट्या चौकोनी कार्बाइड पात्यांचा. तयार मिळेना, जुना शाफ्ट मोजून तसा करून घ्यावा लागला. मोटरला तो थोडा जड जातो, त्यामुळे एका फेरीत मिलिमीटरपेक्षा जास्त काढायचं नाही असं ठरलंय. पण गाठीभोवतीचं लाकूड आता उचकटत नाही, आणि शेजारी उभं राहून बोलता येतं. वाड्यांचे जुने वासे येतात तेव्हा आधी लोहचुंबक फिरवून खिळे शोधतो. तरी एखादा लपून राहतोच. पूर्वी त्यापायी तिन्ही पाती उतरवून धारवाल्याकडे न्यावी लागत. आता मोडलेलं पातं सैल करून पाव वळसा द्यायचा, नवी धार पुढे येते. एका पात्याला अशा चार धारा.

भुशाचं काम अजून राहिलंय. जाड छिलके खाली पडतात, पण बारीक धूळ हवेत तरंगते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच लाकडाच्या धुळीची नोंद माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात केली. आपल्याकडे किती सुतार नाकाला पंचा गुंडाळून जन्मभर त्या धुळीत उभे राहिले! पंच्यातून बारीक धूळ आरपार जाते. म्हणून मशीनवर यापुढचा पहिला पैसा भुसा ओढणाऱ्या पंख्यावर आणि मिस्त्रींच्या चांगल्या मास्कवर जाणार आहे. नवा रंग नंतर.