मुदत संपलेले बियाणे

मंडळी, गेली अठ्ठावीस वर्षे मी तुम्हाला बांधावर येऊन एकच गोष्ट सांगत आलो. बियाण्याची पिशवी घेताना लेबल वाचा, मुदत बघा, पक्की पावती घ्या. हे सांगणाऱ्या माणसाने पुण्याच्या नारायण पेठेत अडीच हजार रुपये मोजून काय घेतले, ते आज ऐका.

माझा धाकटा भाऊ भोर तालुक्यात भात करतो. त्याचा मुलगा शेतीची पदविका घेऊन घरी बसला होता. जपानात शेतीकामाला माणसे हवी आहेत, असे त्याच्या कानावर आले. गोष्ट खोटी नव्हती. तिथली खेडी म्हातारी झाली आहेत. एप्रिल 2019 पासून जपानने परदेशी कुशल कामगारांसाठी वेगळा परवाना सुरू केला आणि जानेवारी 2021 मध्ये आपल्या देशाशी तसा करार केला. त्यात शेती आणि पशुपालनही आहे. पाच वर्षांपर्यंत राहता येते. बायकामुले मात्र नेता येत नाहीत. त्यासाठी कामाची एक परीक्षा आणि जपानी भाषेची एक. भाषेच्या परीक्षेला पाच पायऱ्या, एन-पाच सोपी, एन-एक अवघड. या कामाला एन-चार पुरते. (दुसरी एक भाषा परीक्षाही चालते, पण पोराने ही धरली.)

भावाने दुभती म्हैस विकली. पोरगा पत्र्या मारुतीजवळ एका खोलीत चौघांत राहू लागला. बाकीचे तिघे स्पर्धा परीक्षेवाले. रात्री दोनपर्यंत दिवा जळे.

मी भेटायला गेलो त्या दिवशी क्लासवाले म्हणाले, "जुन्या प्रश्नपत्रिकांचा संच घ्या. बाहेर कुठे मिळायचा नाही." पोराने माझ्याकडे पाहिले. म्हशीचे पैसे सरत आले होते. मी खिशात हात घातला. पावती मागितली नाही.

जुलैच्या परीक्षेत त्याला 180 पैकी 98 गुण पडले. पास व्हायला 90 लागतात. तरी तो नापास! कारण ऐकण्याच्या भागात 60 पैकी निदान 19 हवेत आणि त्याला पडले 16. भाऊ पोरावर भडकला. "म्हैस गेली आणि हा पुण्यात हिंडत बसला," म्हणाला. पोरगा काही बोलला नाही.

मी तो संच मागून घेतला आणि पहिल्यांदा नीट पाहिला. झेरॉक्सची झेरॉक्स. पहिल्याच पानावर साल 2006. ही परीक्षा 2010 साली बदलली. त्याआधी पायऱ्याच चार होत्या. ऐकण्याचे प्रश्न कागदावर छापलेले, पण ऐकायला काही नाही. साऱ्या तालुक्याला लेबल वाचायला शिकवणारा मी!

शेजारच्या अभ्यासिकेत जपानी शिकणारी एक मुलगी आहे. ती म्हणाली, "काका, यासाठी पैसे का घातलेत?" तिने मोबाईलवर परीक्षेचे अधिकृत संकेतस्थळ उघडले: जेएलपीटी डॉट जेपी. जपान फाउंडेशन आणि तिथली आणखी एक संस्था मिळून परीक्षा घेतात, त्यांचेच ते. 2010 नंतरच्या परीक्षांत खरोखर विचारलेल्या प्रश्नांतून निवडून केलेल्या सराव पुस्तिका तिथे आहेत, एक 2012 ची, एक 2018 ची, पाचही पायऱ्यांच्या. उत्तरे आहेत, ऐकण्याचा आवाज आहे. सगळे फुकट. दरवर्षीचा पुरा पेपर ते हल्ली जाहीर करीत नाहीत. तेव्हा गेल्या सालचा पेपर म्हणून कोणी काही विकू लागला, तर तुम्ही काय ते समजा. त्याच फाउंडेशनचे 'इरोदोरी' नावाचे पुस्तकही आवाजासकट फुकट मिळते.

त्या रात्री काका-पुतण्या खोलीत ऐकत बसलो. मी एन-पाचचे दहा प्रश्न सोडवले, तीन बरोबर आले, तेही अंदाजाने. पण एक गंमत कळली. आपल्यासारखेच त्यांचेही क्रियापद वाक्याच्या शेवटी येते. आणि शेतात उभी ती साळ, सडला की तांदूळ, शिजला की भात, असे आपण म्हणतो ना? त्यांच्यातही तीन शब्द आहेत: इने, कोमे, गोहान. 1953 पासून आपल्याकडे जपानी पद्धतीच्या भातलागवडीचा प्रचार झाला. वडील त्याबद्दल पुष्कळ सांगत, पण हे शब्द त्यांनाही ठाऊक नव्हते.

डिसेंबरच्या परीक्षेचा अर्ज भरला आहे. पोरगा आता रोज तासभर कानाला लावून ऐकतो. सुट्टीत गावी आला की भात निसवलेल्या खाचराच्या बांधावरही तेच.

संचाची हकिकत भावाला मी अजून सांगितलेली नाही. पण हे साप्ताहिक त्याच्या घरी येते.