सालीचा मसाला

जालन्याच्या बाजारात दालचिनी मागितली की जाड, खरखरीत तुकडे पुडीत येतात. ही बहुधा चीन-व्हिएतनामकडची कॅशिया. नावही तिकडचेच : फारसीत दारचीनी, म्हणजे चीनचे लाकूड. अरबीत तिला किरफा म्हणतात, म्हणजे सालच. पण साल काढल्यावर त्या झाडाचे काय होते? घरातल्या धाकटीच्या या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते.

ते मिळाले रत्नागिरीला. नात्यातल्या निकाहला गेलो होतो, तेव्हा भाट्याच्या नारळ संशोधन केंद्राची बाग पाहिली. नारळांच्या ओळींमध्ये जायफळ, मिरी आणि दालचिनी; याला तिकडे लाखी बाग म्हणतात. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने 1992 मध्ये दालचिनीची ‘कोकण तेज’ ही जात दिली. झाड उंच वाढूच देत नाहीत. जमिनीलगत छाटतात, फुटवे येऊ देतात आणि दोनेक वर्षांनी ते अंगठ्याएवढे झाले की कापतात. तांबूस पालवी हिरवी झाली की साल सहज सुटते. वरचे खरबरीत खरवडून आतली पातळ साल काढतात. सावलीत सुकताना ती आपोआप गुंडाळते. खाली बुंध्याला पुन्हा फुटवे येतात.

म्हणजे सोलतात ती कापलेली फांदी, उभे झाड नव्हे. पानांनी तयार केलेले अन्न आतल्या सालीतूनच मुळांकडे उतरते. बुंध्याभोवती सालीचे पूर्ण कडे काढले की मुळे उपाशी मरतात. झाड मात्र काही महिने हिरवे दिसते, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही.

हे आम्हा जालनेकरांना सांगायला नको! बांधावरच्या लिंबाची सावली कपाशीवर पडते म्हणून कोयत्याने असेच कडे काढतात. हिरवे झाड तोडले तर चार माणसे बोलतात. वाळलेले तोडणाऱ्याला कोण विचारतो?

येताना पातळ दालचिनी आणली. अम्मींना ती बिर्याणीत फिकी वाटली, चहात आवडली. साखरेच्या त्रासासाठी रोज दालचिनीची पूड फाकणाऱ्यांनी मात्र जाड-पातळ पाहावे. कॅशियात कुमारिन बरेच जास्त असते आणि ते यकृताला सोसत नाही.

आमच्या शेजारच्या बांधावर अशाच एका लिंबाची साल एका बाजूला वीतभर सोलायची राहिली होती. तेवढ्या पट्टीच्या जोरावर यंदा तो पालवला आहे. त्याचे पुढे काय करायचे, यावर दोन्ही घरांत अजून बोलणी चालू आहेत.