मांडवाची वाटणी

बंगळूरचे यशवंतपूर म्हणजे गजबजलेले रेल्वे जंक्शन आणि कांदा-बटाट्याचे मोठे मार्केट यार्ड. येथून गाडी येलहंक्यावरून चिक्कबळ्ळापूरकडे निघाली, की शहर हळूहळू मागे पडते. लाल माती दिसू लागते आणि नंदी डोंगराच्या परिसरात द्राक्षांचे मांडव भेटतात. जाड सालीची, बियांची, गर्द जांभळी ‘बंगळूर ब्ल्यू’ ही इथली खास जात. सुमारे दीडशे वर्षांपासून ती इथे पिकते. २०१३ साली तिला भौगोलिक मानांकनही मिळाले.

वडिलांच्या पश्चात अशी बाग वाटायची वेळ आली, की मात्र घरात कोडे पडते. शेताला मधोमध बांध घालता येतो. मांडवाला कसा घालणार? त्याच्या तारा या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणलेल्या असतात. मध्येच तोडल्या, तर दोन्हीकडचे वेल खाली येतात. बोअर एक, मोटार एक; मग पाण्याच्या पाळीवरूनही कुरबुर होते. त्यातच २००८ साली देवनहळ्ळीला विमानतळ आला आणि जमिनीला सोन्याचे मोल आले. एका भावाला बाग राखायची असते, दुसऱ्याला विकायची.

कायद्याने बहिणीही वाटेकरी आहेत. हिंदू कुटुंबातील मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांइतका हक्क २००५ साली देशभर मिळाला. कर्नाटक आणि महाराष्ट्राने तर १९९४ सालीच तशी सुरुवात केली होती. शिवाय वडील मृत्युपत्र न करता गेले असतील आणि एखाद्या वारसाने आपला हिस्सा विकायला काढला, तर तो घेण्याचा पहिला हक्क इतर वारसांचा असतो. बाग अखंड ठेवू पाहणाऱ्याला हा मोठाच आधार आहे.

मराठी वाचकाला या भूमीतली भाऊबंदकी परकी नाही. खुद्द बंगळूर शहाजीराजांच्या जहागिरीत होते. १६६४ साली ते गेले आणि कर्नाटकातला मुलूख व्यंकोजीराजांकडे राहिला. १६७७ साली शिवाजी महाराजांनी धाकट्या सावत्र भावाकडे अर्धा वाटा मागितला. बोलणी फिसकटली, लढाईही झाली. पुढे समेट झाला, तेव्हा महाराजांनी बंगळूरचा प्रदेश व्यंकोजीराजांच्या पत्नी दीपाबाई यांना चोळीबांगडीसाठी दिला. हक्क सांगितला, पण भावाचे घरही सांभाळले.

द्राक्षबागेलाही तोच मार्ग मानवतो. ज्याला शेतीची आवड, त्याने मांडव राखावा. बाकीच्या भावंडांनी आपला हिस्सा पैशात घ्यावा, तोही रास्त भावाने आणि कागदावर. मग सुट्टीत यशवंतपूरहून गाडी पकडून सगळ्यांच्या मुलांना एकाच मांडवाखाली द्राक्षे खाता येतील.