'पी'वर अडकलेली गाडी

आमच्या मोहल्ल्यात आता ऑटोमॅटिक गाड्या बऱ्याच झाल्या आहेत. क्लच दाबायचा नाही, म्हणून गुडघे दुखणारे चाचाही स्वतः गाडी चालवू लागले. पण साधी गाडी बंद पडली तर न्यूट्रलमध्ये टाकून चार पोरं ढकलत नेतात. ऑटोमॅटिक 'पी'वर अडकली की दहा जणांनाही हलत नाही. (एएमटी गाड्यांना बहुधा 'पी' नसतोच, त्यांचा प्रश्न वेगळा.)

मागच्या रमजानमध्ये तरावीहच्या वेळी हे समोरच घडलं. गल्लीच्या तोंडाशी पाहुण्यांची गाडी, तिची बॅटरी उतरलेली. आत एका खालांना दम लागलेला आणि ॲम्ब्युलन्स बाहेर अडकून पडलेली. कोणी म्हणे काच फोडा, कोणी म्हणे उचलूया. गाडीचं माहितीपुस्तक डॅशबोर्डच्या कप्प्यात, प्लास्टिकसुद्धा न काढलेलं.

गॅरेजात काम शिकणारा एक पोरगा पुढे आला. त्याने हँडब्रेक ओढला, चाकांना दगड लावायला सांगितले. गिअरच्या दांड्याशेजारी नखाएवढं झाकण असतं, ते पातळ स्क्रू ड्रायव्हरने उचकटलं. एका पायाने ब्रेक दाबून धरला, भोकात किल्ली खुपसून दाबली आणि दांडा 'एन'वर ओढायला गेला. हलेना. गल्लीला उतार आहे. गाडीचा सगळा भार आतल्या खुंटीवर आलेला. चौघांनी गाडी जराशी चढाकडे रेटली, तसा दांडा खट्‌कन सरकला. मग दगड काढले, हँडब्रेक सोडला. तो सीटवरून उठला नाही, कारण इंजिन बंद असताना दोन-तीनदा दाबल्यावर ब्रेक दगडासारखा होतो आणि स्टिअरिंगही जड होतं. खाला वेळेत पोचल्या, अल्हम्दुलिल्लाह.

नंतर काही जण कंपनीवाल्यांच्या नावाने बोटं मोडत होते. मला ते पटलं नाही. ब्रेक दाबल्याशिवाय दांडा हलू नये, हे कुलूप मुद्दाम ठेवलेलं आहे. ब्रेक दाबला की स्विचमधून वीज जाते आणि आतली खिट्टी मागे सरते. बॅटरी संपली, फ्यूज उडाला किंवा तो स्विच बिघडला, की खिट्टी जागची हलत नाही. ब्रेक दाबूनही मागचे लाल दिवे लागत नसतील, तर संशय आधी फ्यूजवर आणि स्विचवर घ्यावा. अमेरिकेत 1 सप्टेंबर 2010 पासून हे कुलूप नव्या ऑटोमॅटिक गाड्यांना सक्तीचं आहे. गाडीत एकटं राहिलेलं लेकरू दांड्याशी खेळतं आणि गाडी घरंगळते, असे बळी गेल्यावर तो कायदा झाला. आमच्या गल्लीतही पोरं उभ्या गाडीत 'ड्रायव्हर' बनून बसतातच.

मात्र काही नव्या गाड्यांत दांड्याऐवजी बटण किंवा फिरवायची चकती असते. तिथे असं भोक शोधून बहुधा सापडत नाही. दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून वीज द्यावी लागते. म्हणून आता मशिदीसमोरच्या टेलरच्या दुकानात एक जंपर केबल टांगलेली असते.